‘एवढं काही दुखत नसेल!’ हे ठरवणारे आपण कोण?

दवाखान्यात रुग्णाच्या दुखण्याबद्दल सगळ्यात ठामपणे बोलतो तो बहुतेक वेळा रुग्ण नसतो. तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो. “डॉक्टर, हिला सगळ्याचाच बाऊ करायची सवय आहे.” “कामाच्या वेळेलाच बरी याची कंबर धरते!” “आमच्या वेळी कुठे होत्या या गोळ्या? आम्ही नाही का दिवस काढले?” “अहो, आत्ता रिक्षात तर आई छान गप्पा मारत होत्या.” नवरा, सासूबाई, मुलगा, सून, कधी शेजारीण. रुग्ण गप्प बसून असतो. बोलायला लागलाच तर त्याचं वाक्य पूर्ण करायला कोणीतरी तत्पर असतं.

आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. क्रिकेटच्या पंचाकडे बघावं तसं. खरंच दुखतंय की नाटक आहे, ते आता डॉक्टर बोट वर करून सांगणार!

आज मला या पंचगिरीविरुद्धच लिहायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. समोरच्याला किती दुखतंय हे नुसतं बघून सांगता येत नाही. घरच्यांना येत नाही, ऑफिसातल्या साहेबांना येत नाही, आणि आम्हा डॉक्टरांनाही येत नाही. आपल्याला जे ‘दिसतं’ त्यातला मोठा भाग आपल्याच डोक्यातला असतो. बाईमाणसाला किती दुखावं, पुरुषाने किती कण्हावं, गरिबाला किती सोसता यावं, याची मापं आपण आधीच ठरवून ठेवलेली असतात. त्या मापांवर लोकांची औषधं अडतात, निदानं लांबतात आणि कधी कधी जीव धोक्यात येतो. म्हणून हा विषय नुसता सहानुभूतीचा नाही. तो उपचारांचा आहे.

वेदनेचा थर्मामीटर नसतो

ताप आहे की नाही यावरून घरात वाद होत नाही. थर्मामीटर लावला की विषय मिटतो. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन यांचंही तसंच. वेदनेसाठी असं कुठलंही यंत्र नाही, रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही.

असं का, हे थोडं समजून घेऊ. बोट कापलं की तिथल्या मज्जातंतूंची टोकं उद्दीपित होतात. हा संदेश मज्जारज्जूकडे जातो आणि तिथून मेंदूकडे. पण वाटेत त्याच्यावर बरीच प्रक्रिया होते. मज्जारज्जू तो संदेश वाढवू शकतो किंवा दाबू शकतो. मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यात हस्तक्षेप करतात. झोप झाली आहे का, भीती किती आहे, यापूर्वी असं दुखलं होतं का, हे दुखणं कशाचं आहे असं वाटतं, या सगळ्याचा परिणाम होतो. शेवटी जी ‘वेदना’ जाणवते ती मेंदूत तयार होते. म्हणूनच जखम तेवढीच असली तरी दोन माणसांची वेदना सारखी नसते. एकाच माणसाची सकाळची आणि रात्रीची वेदनाही सारखी नसते.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. त्या व्याख्येसोबत जोडलेल्या टिपा मला व्याख्येपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. वेदना हा नेहमीच व्यक्तिगत अनुभव असतो, असं त्यात म्हटलं आहे. ‘मला दुखतंय’ असं कोणी सांगितलं तर त्या सांगण्याचा आदर व्हायला हवा, असंही म्हटलं आहे. आणि एखाद्याला सांगता येत नसेल, म्हणून त्याला दुखत नाही असा अर्थ काढू नये. ही काही संतांची शिकवण नाही, जगभरच्या वेदनातज्ज्ञांनी मान्य केलेली शास्त्रीय भूमिका आहे.

“पण बीपी तर नॉर्मल आहे, नाडीही शांत आहे. दुखत असतं तर वाढलं नसतं का?” असा प्रश्न सुशिक्षित नातेवाईक हमखास विचारतात. अचानक आलेल्या तीव्र वेदनेत नाडी आणि रक्तदाब वाढू शकतात, नेहमी वाढतातच असं नाही. महिनोन्‌महिने दुखत असलेल्या माणसाचं शरीर त्याला सरावतं. नाडी शांत असते, दुखणं असतंच.

मग आपण बघतो काय?

आपण चेहरा बघतो. आणि चेहरा वाचण्याचं आपलं कौशल्य फारसं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबतीत डोळे उघडणारा आहे. काही लोकांना बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावून त्यांच्या चेहऱ्याचं चित्रण केलं. ती खरी वेदना. शिवाय कोमट पाण्यात हात घालून त्यांनाच दुखत असल्याचा अभिनय करायला सांगितला. हे व्हिडिओ बघून खरं कोण आणि खोटं कोण, हे प्रेक्षकांनी ओळखायचं होतं. निकाल काय? नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढीच उत्तरं बरोबर आली असती. खास प्रशिक्षण दिल्यावर अचूकता जेमतेम ५५ टक्क्यांवर गेली. चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल टिपणाऱ्या संगणकाने मात्र ८५ टक्के उत्तरं बरोबर दिली. तेव्हा “मी चेहरा बघूनच ओळखतो” असं कोणी छातीठोकपणे म्हणालं, तर त्याचं कौतुक करण्याआधी हा आकडा आठवावा.

चेहऱ्यावर नीट वाचता येत नाही, तेव्हा उरलेली जागा आपण समजुतींनी भरतो. दुसरा एक अभ्यास २०१९ चा, अमेरिकेतला. साधारण पाच वर्षांच्या एका मुलाच्या बोटाला तपासणीसाठी सुई टोचतानाचा व्हिडिओ मोठ्या माणसांना दाखवला. केस आणि कपडे असे होते की मुलगा की मुलगी हे कळू नये. निम्म्या लोकांना नाव सांगितलं मुलाचं, निम्म्यांना मुलीचं. मूल तेच, सुई तीच, रडणं तेच. तरीही ‘मुलगा’ समजणाऱ्यांनी वेदनेला जास्त गुण दिले. ‘मुलगा असून रडतोय म्हणजे खरंच दुखत असणार, मुली काय, रडतातच!’ हा हिशेब न बोलता झाला. आणि गंमत नव्हे, खेदाची बाब अशी की हा फरक प्रामुख्याने महिला प्रेक्षकांच्या गुणांमध्ये दिसला.

२०१६ चा आणखी एक अभ्यास. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातले गोरे विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, यासारख्या खोट्या समजुतींपैकी एखादी तरी त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना खरी वाटत होती. ज्यांना त्या खऱ्या वाटत होत्या, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनेला कमी गुण दिले. हे वाचून ‘अमेरिकेत वंशभेद आहेच’ म्हणून पुढे जाऊ नका. ‘कष्टकरी माणसांना सोसायची सवय असते’, ‘आदिवासी बायांचं बाळंतपण शेतातच होतं’, ही आपली वाक्यं त्याच जातीची आहेत.

ज्यांना बोलताच येत नाही

बघणाऱ्याच्या मताला प्रमाण मानलं की काय होतं, याचं सगळ्यात भीषण उदाहरण वैद्यकशास्त्राच्याच इतिहासात आहे, आणि ते फार जुनं नाही.

नवजात बाळांना वेदना फारशी जाणवत नाही, अशी समजूत विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात प्रचलित होती. त्यांच्या मज्जातंतूंवरचं आवरण पूर्ण तयार झालेलं नसतं, त्यांचं रडणं ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असते, असं सांगितलं जायचं. शिवाय एवढ्याशा जिवाला भूल झेपणार नाही अशी भीती होती, आणि तेव्हाची भूल पाहता ती अगदीच निराधार नव्हती. परिणाम असा की १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांवर छाती उघडून शस्त्रक्रिया व्हायच्या, तेव्हा स्नायू लुळे करणारं औषध दिलं जायचं, फार तर थोडा नायट्रस ऑक्साइड. स्नायू लुळे म्हणजे बाळ हलू शकत नाही, रडू शकत नाही. बघणाऱ्याला ते शांत पडलेलं दिसतं!

१९८५ साली अमेरिकेतल्या एका आईला, आपल्या मुदतपूर्व बाळावर वेदनाशामकाशिवाय शस्त्रक्रिया झाली हे नंतर कळलं. तोपर्यंत ते बाळ दगावलं होतं. तिने तो प्रश्न वर्तमानपत्रापर्यंत नेला. त्याच काळात ऑक्सफर्डमध्ये डॉ. कंवलजीत आनंद हे भारतीय डॉक्टर नेमका हाच प्रश्न तपासत होते. त्यांचं एमबीबीएस आपल्या शेजारच्या इंदूरचं. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात परत येणाऱ्या बाळांची अवस्था एवढी वाईट का होते, याचा ते शोध घेत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काही बाळांना नेहमीची पद्धत आणि काहींना त्यासोबत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक अशी तुलना केली. फेंटानिल न दिलेल्या बाळांच्या रक्तात तणावाच्या संप्रेरकांचा उसळलेला डोंब दिसला, आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त. १९८७ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांनाही भूल आणि वेदनाशमन मिळालं पाहिजे, अशी भूमिका जाहीर केली.

विचार करा. हे करणारे लोक क्रूर नव्हते. बाळांना वाचवण्यासाठी रात्र रात्र जागणारी माणसं होती ती. त्यांनी फक्त ‘आपल्याला दिसत नाही’ याचा अर्थ ‘त्याला होत नाही’ असा घेतला होता.

आजही लसीकरणाच्या वेळी “दोन मिनिटं रडेल, विसरून जाईल” असं म्हणत बाळाचे पाय दाबून धरले जातात. खरं तर टोचताना बाळाला कुशीत घेणं, अंगावर पाजत राहणं, जास्त झोंबणारी लस शेवटी देणं, एवढ्यानेही त्रास कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच हे सांगितलं आहे. याला एक रुपयाही खर्च येत नाही. पुढच्या वेळी लस द्यायला जाल तेव्हा “पाजत पाजत देता येईल का?” असं सिस्टरना जरूर विचारा.

‘बायकांना हे सोसावंच लागतं’

पाळीच्या वेळी पोटात दुखणं ‘नॉर्मल’ आहे, असं आईने मुलीला, तिच्या आईने तिला सांगितलेलं असतं. थोडं दुखणं बहुतेकींना होतं, हे खरं. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी गर्भाशय आकुंचन पावतं आणि कळा येतात. मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी औषधं नेमकी या रसायनांवर काम करतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने कळ सुरू होताहोताच घेतली तर चांगला उपयोग होतो. पण मुलगी दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडवून गुडघे पोटाशी घेऊन पडत असेल, उलट्या करत असेल, तर ते ‘सगळ्यांनाच होतं’ या खात्यात टाकायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीस्तरं बाहेर इतरत्र वाढतात. सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते. निदानाला अनेकदा काही वर्षं लागतात, आणि ती वर्षं जातात ती “लग्न झालं की थांबेल”, “एक बाळ झालं की थांबेल” या आश्वासनांत.

तातडीच्या विभागातही हेच. फिलाडेल्फियातल्या एका रुग्णालयाचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. पोटात तीव्र दुखतंय म्हणून आलेले स्त्री-पुरुष, सांगितलेली वेदना जवळपास सारखीच. वेदनाशामक मिळायला पुरुषांना ४९ मिनिटं लागली, स्त्रियांना ६५.

आणि प्रसूतिगृहाबद्दल काय बोलावं! कळा देणाऱ्या बाईला “तेव्हा नाही ओरडलीस?” हे वाक्य ऐकवलं जातं, हे आपण सगळे जाणतो, आणि सरकारी-खासगी असा भेद त्यात फारसा नाही. मांडीवर चापट मारली जाते. हा विनोद नाही, ही शिस्त नाही. ही अंगावर आणि मनावर केलेली हिंसा आहे, आणि ती करणाऱ्यात बायकाही आहेत म्हणून ती कमी होत नाही. निरोगी गर्भवतीने वेदनाशमन मागितलं तर एपिड्युरल द्यावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली आहे. आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी भूलतज्ज्ञ नाही, हे मान्य. पण सोबतीला जवळचं माणूस असू देणं, फिरू देणं, कंबर चोळून देणं आणि अपमान न करणं यांना कुठला भूलतज्ज्ञ लागतो?

सिकलसेल: दिसत नाही म्हणून दुखत नाही?

विदर्भात, नंदुरबार-गडचिरोलीकडे राहणाऱ्या वाचकांना हा आजार माहीत असेल. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. हिमोग्लोबिनमधल्या आनुवंशिक दोषामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो. हाडांच्या आतून ठणका उठतो. हात, पाय, पाठ, छाती. हे तास-दोन तासांत थांबेल किंवा चार दिवस चालेल.

आता असा विशीतला मुलगा रात्री दवाखान्यात येतो. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. हिमोग्लोबिन कमी आहे, पण ते त्याचं नेहमीच तेवढं असतं. वेदनेचा झटका सिद्ध करणारी तपासणी नाही. तो ओरडतही नाही, कारण लहानपणापासून हे शंभरदा झालेलं आहे आणि ओरडून काही मिळत नाही हे तो शिकलाय. लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून मोबाइलवर काहीतरी बघत पडतो. आणि औषधाचं नाव घेऊन मागतो, “डॉक्टर, मागच्या वेळी ट्रॅमाडॉलनेच थांबलं होतं.”

यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही. मोबाइल बघतोय म्हणजे नाटक. औषधाचं नाव सांगतोय म्हणजे व्यसनी! तोच मुलगा मोठ्याने ओरडला असता तर? ‘किती तमाशा करतो’ असं म्हटलं गेलं असतं. म्हणजे त्याला सुटायला दारच नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, असा रुग्ण आल्यापासून अर्ध्या तासात वेदनाशामक मिळावं असं म्हटलं आहे. रुग्णाला त्याच्या आजारातला जाणकार समजून त्याचं ऐकावं, हेही त्यात लिहिलेलं आहे. शिवाय छातीत दुखणं आणि दम लागणं हे सिकलसेलमध्ये जीवघेण्या गुंतागुंतीचं लक्षण असू शकतं. ‘नेहमीचं नाटक’ म्हणून बाकावर बसवून ठेवलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते हुकतं.

आम्ही डॉक्टर मंडळी

तुम्हाला वाटेल, नातेवाइकांचं सोडा, पण डॉक्टर रोज हेच बघतात, त्यांना तरी कळत असेल. उलट आहे. रोज बघून नजर बोथट होते. तैवानमध्ये २००७ साली अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांना आणि सामान्य लोकांना, शरीरात सुया टोचतानाचे व्हिडिओ दाखवून दोघांच्या मेंदूचं स्कॅन केलं. सामान्य लोकांच्या मेंदूत वेदनेशी संबंधित भाग उजळले. डॉक्टरांच्या मेंदूत ते उजळले नाहीत. तिथे भावनांना आवर घालणारे भाग काम करत होते. हे काही अंशी गरजेचंही आहे. प्रत्येक सुईला माझा जीव कळवळला तर मी दिवसभरात दहा रुग्णही तपासू शकणार नाही. पण ज्याची ही जाणीव कामासाठी बधिर झाली आहे, त्याने दुसऱ्याच्या वेदनेचं माप काढू नये, एवढं तरी मान्य करावं लागेल.

आमच्या धंद्यातल्या जुन्या सवयींचाही यात हात आहे. पोटात तीव्र दुखणाऱ्याला सर्जन बघेपर्यंत वेदनाशामक द्यायचं नाही, नाहीतर निदान चुकेल, हा नियम १९२१ मध्ये निघालेल्या एका प्रसिद्ध पाठ्यपुस्तकापासून पिढ्यान्‌पिढ्या घोकला गेला. पुढे रीतसर चाचण्या झाल्या, त्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. वेळेवर वेदनाशामक दिल्याने निदानाच्या चुका वाढत नाहीत, असं दिसलं. सवय मात्र अजून पुरती गेलेली नाही.

आणि ते वाक्य, “सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काहीही झालेलं नाही.” पहिला भाग माहिती आहे, दुसरा भाग निवाडा आहे. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आम्ही जे शोधलं ते सापडलं नाही, इतकंच. कंबरेच्या एमआरआयचंच घ्या. कसलंही दुखणं नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. चित्रात बिघाड असून दुखत नाही, तर चित्रात बिघाड नसताना दुखू शकतं यात आश्चर्य काय? नैराश्यात, अपुऱ्या झोपेत वेदना वाढते. पण म्हणून ती ‘मनाची’ आणि म्हणून खोटी, हा तर्क चुकीचा आहे.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट मॉर्फिनची. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, नीमचच्या बाजूला परवान्याने अफू पिकते. तरीही कॅन्सरसारख्या आजारांच्या शेवटच्या टप्प्यात लागणाऱ्या मॉर्फिनपैकी भारतात जेमतेम ४ टक्के गरज भागते, असं लॅन्सेटने नेमलेल्या आयोगाने म्हटलं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या जाचक परवान्यांनी डॉक्टर आणि दुकानदार दोघेही घाबरले. २०१४ मध्ये कायदा सुधारला. भीती अजून गेली नाही. ‘शेवटी दुखायचंच’ अशी समजूत करून घेऊन घरोघरी लोक कण्हत गेले आहेत.

“पण डॉक्टर, लोक खोटंही बोलतात!”

बोलतात ना. सुटीच्या सर्टिफिकेटसाठी, विम्याच्या दाव्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी. मी काही स्वप्नात दवाखाना चालवत नाही. पण चेहरा बघून खोटे पकडायला गेलं तर पकडला जातो कोण, याचा विचार करा. सोंग करणाऱ्याला प्रेक्षकांना काय हवं ते बरोबर ठाऊक असतं. तो कपाळाला आठ्या घालतो, लंगडतो, विव्हळतो. अडकतो तो मुकाट्याने सोसणारा, ज्याला नाटक येत नाही!

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘वेदना हे पाचवं जीवनलक्षण’ अशी मोहीम निघाली, औषध कंपन्यांनी त्यावर पोळी भाजून घेतली, आणि अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनाची भयंकर साथ आली. रुग्णावर विश्वास ठेवण्याचा हाच परिणाम नाही का? नाही. तिथे विश्वासाचा अर्थ ‘मागेल तेवढी गोळी’ असा लावला गेला. “तुम्हाला दुखतंय हे मला मान्य आहे, आणि तरीही ही गोळी मी देणार नाही, कारण ती तुमच्या दुखण्यावर काम करत नाही” असं म्हणता येतं. फिजिओथेरपी, व्यायाम, मज्जातंतूंच्या वेदनेवरची वेगळी औषधं, झोपेवर उपचार, हे सगळं त्यानंतर सुरू होतं. आणि विश्वास नसेल तर यातलं काहीच रुग्ण मनापासून करत नाही. तो दुकानातून परस्पर गोळ्या घेतो आणि दोन वर्षांनी क्रिएटिनिन वाढवून येतो.

हेही लक्षात घ्या की ‘सोशिक’ म्हणून होणारं कौतुकसुद्धा तेवढंच घातक आहे. “आमची आई कधी हूं की चूं करत नाही.” अशी आई पोटात दुखत असताना दोन दिवस स्वयंपाक करते. सुजलेलं अ‍ॅपेंडिक्स फुटलं की काही काळ दुखणं कमी होऊ शकतं. घरचे म्हणतात, बघा, बरं वाटलं. त्यानंतर येते ती पोटभर पू घेऊन. मधुमेही आणि वृद्ध माणसांत तर हृदयविकाराचा झटकाही फारसं न दुखता येऊ शकतो. नुसता घाम, दम, मळमळ. आवाजाच्या मोठेपणावरून आजाराचा मोठेपणा ठरवणाऱ्यांनी हे दोन्ही रुग्ण लक्षात ठेवावेत.

दवाखान्यात येताना

सोबत येणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुम्ही जे पाहिलंत ते सांगा, निकाल सांगू नका. “नाटक करते” याचा मला काही उपयोग नाही. “रात्री तीनदा उठली, जिना उतरताना कठडा धरते, आठवडाभर डबा अर्धाच खाते” याचा फार उपयोग आहे. आणि पहिली पाच मिनिटं रुग्णाला बोलू द्या.

रुग्णांनीही ‘खूप दुखतं’ एवढ्यावर थांबू नये. कुठे, कधीपासून, ठणकतं की जळतं की चमक मारते, कशाने वाढतं, आणि मुख्य म्हणजे त्यामुळे काय करता येत नाही, हे सांगा. मांडी घालता येत नाही, गाडीची किक मारता येत नाही, कुशीवर वळता येत नाही. शून्य ते दहामध्ये किती, असं विचारलं तर जो आकडा वाटतो तो सांगा. तो दुसऱ्याशी तुलना करायला नसतो. उपचारांनी तुमचाच आठाचा पाच झाला का, हे बघायला असतो. डॉक्टर ऐकून घेत नसतील तर तसं स्पष्ट म्हणा, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्यात कुणाचा अपमान नाही.

घरात स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे जास्त लक्ष लागतं. त्यांना ‘दुखतंय’ हा शब्द सापडत नाही. अशांसाठी पाच गोष्टी बघायची पद्धत आहे: श्वास कसा चाललाय, कण्हणं किंवा तेच तेच ओरडणं आहे का, चेहरा आक्रसलाय का, अंग ताठ आहे का किंवा मुठी आवळल्यात का, आणि जवळ घेऊन, बोलून शांत होतात का. ही यादी वेदना किती आहे हे अचूक सांगत नाही. पण वेदना असू शकेल, तिकडे बघा, एवढी सूचना देते. आंघोळ घालताना आजी अचानक हात उगारायला लागल्या, शिव्या द्यायला लागल्या, तर ‘स्वभाव बिघडला’ म्हणून झोपेचं औषध मागायला येऊ नका. आधी खांदा, कंबर, दात, तोंड आलंय का, लघवी तुंबली आहे का, पोट साफ होतंय का, हे तपासून घेऊ. गरज वाटली तर आंघोळीआधी तासभर पॅरासिटामॉल देऊन बघू, आणि त्या दिवशी आजी हात उगारतात का, ते मला फोन करून कळवा.